शेवटची चार मिनिटं

हॉकीची मॅच जिंकलो. २-१. आईला फोनवर सांगितलं तर "वा!" म्हणाली आणि लगेच जेवलीस का विचारलं. सरांनी मला चार मिनिटं उरलेली असताना बाहेर काढलं, हे तिला नाही सांगितलं. तिला वाटलं असतं, दमले असेन.

दमले नव्हते. तोच तर राग आहे.

गेलं वर्षभर चौथ्या क्वार्टरपर्यंत पुढे राहून हरलेल्या मॅचेस मीच खेळले. येताना बसमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही, ते मीच सोसलं. आणि आज एका गोलची आघाडी टिकवायची वेळ आली तर मी बेंचवर, मांडीवर टॉवेल टाकून. माझ्या जागी श्रुती. फर्स्ट इयर!

त्यात त्यांना पीसी, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, मिळाला, आमच्या गोलवर थेट मारायची संधी. आमच्या पाचजणी बॅकलाइनच्या मागे, बाकीच्या सेंटर लाइनपलीकडे. श्रुतीने मास्क चढवला, तो तिला मोठा होतो, हनुवटीशी लोंबत होता. मी बेंचवरून ओरडले, "पट्टा ओढ!" तिने ऐकलं नाही. त्यांनी बॅकलाइनवरून बॉल आत ढकलला आणि ती सुटली, गोलवर मारणाऱ्या त्यांच्या फ्लिकरच्या सरळ अंगावर. बॉल तिच्या स्टिकला लागून गोलसमोरच्या सर्कलबाहेर सरकला. त्या एका क्षणी माझ्या मनात काय आलं ते इथेही लिहिणार नाही.

पुढचं सगळं कंटाळवाणं. बॉल त्यांच्या कोपऱ्यात नेला, पाठ करून उभ्या राहिल्या, त्यांनी धसमुसळेपणा केला की फ्री हिट. पुन्हा तेच. गोलकडे कुणी बघेचना. हे काय हॉकी झालं? प्रेक्षकांत कुणाचे तरी बाबा चक्क जांभई देत होते.

सर नेहमी २००० च्या सिडनी ऑलिंपिकबद्दल बोलतात. पोलंडविरुद्ध आपण १-० पुढे, अगदी शेवटी गोल खाल्ला आणि सेमीफायनल हुकली. आपल्या खडकीचा धनराज पिल्ले होता त्या टीममध्ये. त्याच दमात टोकियो: ५-४ पुढे, सहा-सात सेकंद उरलेले आणि जर्मनीला पीसी. गोलकीपर श्रीजेशने अडवला म्हणून ४१ वर्षांनी मेडल दिसलं. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर तुम्ही कोण, असं त्यांचं ठरलेलं वाक्य. इतक्यांदा ऐकलंय की आता कान बंद होतात.

पण मी का बाहेर? शेवटी विचारलंच. किट बॅगची चेन ओढत म्हणाले, "तुझी हिट मस्त जाते गं. पण जाते."

यावर काय बोलणार? खरंच, माझी हिट पार त्यांच्या पंचवीस यार्डांच्या रेषेपर्यंत जाते. लोक टाळ्या वाजवतात. आणि पाच सेकंदांत बॉल त्यांच्याकडून परत आपल्याच सर्कलवर.

तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. श्रुती मघाशी मास्क द्यायला आली. "ताई, पट्टा तुटलाय वाटतं." तुटलेला नाही, तिला लावताच येत नाही. लावून दाखवला. मग जाता जाता, "तुम्ही असता तर मला एवढी भीती नसती वाटली," म्हणाली. बरं बोलते पोरगी, सरांनी पढवून पाठवली नसेल तर.

उद्या सकाळी सहाला टर्फवर कोपऱ्यात बॉल धरून ठेवायची प्रॅक्टिस. धरायचा मी, काढून घ्यायचा श्रुतीने. बघतेच कशी घेते.