आमची वाटचाल: पंक्चरच्या दुकानापासून ऑफ-रोड टायरपर्यंत

वडिलांनी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंक्चरचं दुकान टाकलं तेव्हा एक जुना कॉम्प्रेसर, टायर उचकटायच्या दोन टॉमी, एक घण आणि पाण्याची टाकी एवढंच सामान होतं. आजूबाजूला सगळ्या फाउंड्री, लेथ आणि वेल्डिंगची दुकानं. कास्टिंग नेणारे टेम्पो आणि मालट्रक हेच गिऱ्हाईक. लेथवरचा लोखंडी चुरा रस्त्यावर सांडलेला असायचा, तो टायरमध्ये घुसायचा, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. टायर टाकीत बुडवून बुडबुडा कुठून येतोय ते बघायचं, हे मी आणि माझा धाकटा भाऊ शाळेतून आल्यावर शिकलो.

मोठ्या टायरचं काम मात्र आम्हाला उसानं शिकवलं. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या रस्त्यावर येतात. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरणं, चिखलातून टायर काढणं, टायर ज्यावर बसतो ती गंजलेली लोखंडी डिस्क घासून घेणं ही सगळी कामं हंगामात रात्री-अपरात्री चालायची. टायरगाडीला मालट्रकचे उतरवलेले टायर असतात. बैलाच्या चालीनं चालणाऱ्या गाडीला ते वर्षानुवर्षं पुरतात, कारण वेग नाही, त्यामुळं टायर तापत नाही. तोच टायर महामार्गावर ऐंशीच्या वेगानं पळवला तर तासाभरात चिंध्या होऊ शकतात. टायर चांगला की वाईट हे नुसतं बघून ठरत नाही, तो कशाला लावणार हे आधी विचारायचं, ही वडिलांची शिकवण. आज आमच्या दुकानात कुठलाही टायर विकण्याआधी तो प्रश्न विचारला जातो.

गेल्या काही वर्षांत गिऱ्हाईक बदललं. चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या फोर बाय फोर गाड्या घरोघरी आल्या असं म्हणणार नाही, पण कागल, गारगोटी, चंदगड, मलकापूरकडची बरीच मंडळी आता अशा गाड्या वापरतात. कुणाचं शेत डोंगरात आहे, कुणी खाणीवर कंत्राटदार आहे, कुणी हौसेनं पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आंबा घाटाच्या बाजूला कच्च्या वाटांनी फिरतं. तिकडचा जांभा दगड तासलेल्या धारेसारखा असतो. वरून लाल चिखल, आत दगड. चिखलात पकड मिळावी म्हणून हवा अठरा-वीस पौंडांपर्यंत उतरवतात. त्याचा फायदा होतोच, पण टायर खाली बसला की त्याची बाजू बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाला घासते. म्हणून ऑफ-रोड टायर झिजण्याआधी बाजूला फाटून आमच्याकडं येतो.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी आली. मालक कागल भागातले, वयानं माझ्याएवढेच. डाव्या मागच्या टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर. कडा उचकटून बघितली तर आत धाग्यांची टोकं दिसत होती.

"भाऊ, आतनं पॅच मारला तर चालंल की," ते म्हणाले.

"दादा, टायर रस्त्याला टेकतो तिथं, नक्षीच्या मधल्या भागात खिळा घुसला असता तर मारला असता. हिथं नाही चालणार."

"मग स्टेपनी लावा. नवीकोरी हाय, एकदाबी उतरवली न्हाई."

पॅच का चालत नाही ते त्यांना टायर फिरवूनच दाखवलं. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे ताणलेले असतात. गाडीचं वजन आणि हवेचा दाब हेच धागे पेलतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात बाजू दबते आणि सुटते. तिथं धागे तुटले असतील तर वरून काहीही चिकटवा, खालची चीर दर फेऱ्याला उघडत राहते. नक्षीखाली तारांचे पट्टे असतात, तो भाग फारसा वाकत नाही. म्हणून तिथलं सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक टायर डिस्कवरून उतरवून आतून मशरूम पॅचनं (छत्रीसारखा पॅच, त्याचा दांडा भोकात बसतो) नीट बंद करता येतं. नुसती बाहेरून रबरी वात खुपसली की काम झालं असं आम्ही मानत नाही, ती रस्त्यात घरी पोचण्यापुरती ठीक. आणि बाजूला चीर दिसत नसताना फुगा आला असेल तर तो चिरेइतकाच वाईट, कारण रबर शाबूत राहून आतले धागे तुटलेले असतात.

मग स्टेपनी बघितली. मागच्या दाराला उघडी टांगलेली, कव्हर नाही. नक्षी पूर्ण, नक्षीचे गुटके (रबराचे उंच तुकडे) टोकदार, रबराचे बारीक केसही अजून तसेच. नजरेला खरंच नवी. पण बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चौकटीत चार आकडे होते: ३२१४. टायर कधी बनला ते हे आकडे सांगतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. त्याआधी तीनच आकडे असायचे, तसा टायर आज कुणी गाडीला लावू म्हणाला तर हात लावू नका.

दादांचा चेहरा उतरला. "न वापरता म्हातारी झाली व्हय?" असं त्यांनी विचारलं. मी हातबॅटरीच्या उजेडात टायरच्या बाजूला अंगठ्यानं ताण दिला तशा केसासारख्या बारीक भेगांच्या रांगा उघडल्या. त्या भेगा बघायला दुकानातली पोरंही जमली.

टायरच्या रबरात भेगा पडू नयेत म्हणून मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरत राहिला की ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनला अडवतात. न फिरणाऱ्या टायरमध्ये ती तशी वर येत नाहीत. त्यामुळं उन्हात टांगलेली स्टेपनी रोज पळणाऱ्या टायरपेक्षा लवकर तडकू शकते. दुसरं झिजणं आतलं असतं आणि ते डोळ्याला दिसतच नाही. भरलेल्या हवेतला ऑक्सिजन दाबानं रबराच्या थरांतून बाहेरच्या बाजूला झिरपत राहतो. वाटेत तारांच्या दोन पट्ट्यांमधलं रबर कडक करत जातो. स्टेपनीतही हवा भरलेली असतेच, म्हणून तीही आतून वय धरते. गरम प्रदेशात हे लवकर होतं. असा टायर एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण भार घेऊन महामार्गावर पळाला तर वरची नक्षी पट्ट्यासकट सुटून येते. नक्षी किती शिल्लक होती याला तेव्हा काही अर्थ उरत नाही.

वयाचं सर्वसाधारण गणित असं. पाच वर्षं वापरात झाली की दरवर्षी जाणत्याकडून टायर तपासून घ्यायचा, आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की दिसायला कितीही चांगला असला तरी काढून टाकायचा, स्टेपनीसकट. बऱ्याच टायर कंपन्या हेच सांगतात. काही गाडी बनवणारे तर सहा वर्षांनंतर बदला म्हणतात. कच्च्या वाटांवर आणि भार घेऊन फिरणाऱ्या गाड्यांना आमचा सल्ला सहाच्या बाजूनं असतो. नक्षीची किमान खोली चारचाकीला १.६ मिलिमीटर, ती खाचांमधल्या उंचवट्यांवरून समजते. पण चिखलात चालणाऱ्याला तेवढ्यात काहीच पकड मिळत नाही, त्यानं त्याच्या बऱ्याच आधी विचार करावा.

दादांच्या गाडीच्या उरलेल्या तीन टायरचे आकडे बघायला मी गाडीखाली झोपलो, कारण ही पूर्ण ओळ पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवणाऱ्यानं ती बाजू आत ठेवली होती. तिन्ही टायर २०२० चे निघाले, निम्मे झिजलेले, भेगा नाहीत. आता एकच नवा आणून बसवावा, तर निम्म्या झिजलेल्या टायरपेक्षा नव्याची उंची जास्त. त्यांचा साइज २४५/७५ आर १६. नक्षीत पाच मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात एक सेंटिमीटर, परिघात तीन सेंटिमीटर. एका किलोमीटरला चाक चारशेवर फेरे मारतं, म्हणजे हिशोबानं बारा-तेरा मीटरची तफावत. एकाच आखावर असे दोन टायर असले की डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरला) सरळ रस्त्यावरही सतत काम करावं लागतं. म्हणून दोन नवे घेतले आणि दोन्ही मागं लावले, कारण ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटलं तर गाडी आवरणं फार अवघड. जुन्यांपैकी दोन पुढं, उरलेला स्टेपनीला. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकू नका असं बजावून सांगितलं. एरवीही टाकायचं नसतंच, पण आता पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत फरक होता आणि तो ताण गिअरवर आला असता. चिखलात चाक घसरून तो ताण निघून जातो, डांबरावर निघत नाही. पुढचे दोन टायर झिजले की तीच नक्षी, तोच साइज, तोच लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघून जोडी घ्यायची असं ठरलं. लोड इंडेक्सकडं लोक बघत नाहीत. एकाच साइजमध्ये १११ म्हणजे एका टायरला १०९० किलो आणि १२० म्हणजे १४०० किलो, इतका फरक असतो.

फाटलेला टायर आणि ती २०१४ ची स्टेपनी आम्ही ठेवून घेतली. दुकानाच्या दारात दोन्ही मांडलेल्या आहेत. येणाऱ्या गिऱ्हाइकाला भेगा दाखवायला त्यांचा उपयोग होतो.

या सगळ्यातून आमच्या दुकानाची एक रीत पडली. टायर डिस्कवर चढवण्याआधी गिऱ्हाइकाला चार आकडे दाखवायचे आणि बिलावर प्रत्येक टायरसमोर लिहायचे. आयएसआयचा शिक्का आहे की नाही तेही त्यांनीच बघायचं. गोदामात टायर जुना होत चालला असेल तर तसं स्पष्ट सांगून दर कमी लावतो, आणि त्याचे आकडेही बिलावर येतात. सुरुवातीला काही जण वैतागले, "एवढं कोण बघतंय," म्हणाले. आता तेच लोक फोनवर आधी आकडे विचारतात, मग दर.

गोदामही याच कारणानं हलवलं. जुनं गोदाम वेल्डिंगच्या दुकानाला लागून होतं. वेल्डिंगच्या ठिणगीनं आणि विजेच्या मोटारींच्या स्पार्कनं ओझोन तयार होतो, आणि तोच रबराचा शत्रू. भाडं जास्त पडलं, तरी आता टायर अंधारात, उभे, घोड्यांवर (लोखंडी मांडण्यांवर) ठेवलेले असतात, आणि आधी आलेला आधी जातो. भाऊ गोदाम बघतो, त्याच्या वहीत प्रत्येक टायरचा आठवडा आणि वर्ष लिहिलेलं आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरल्यावर आलेल्या बऱ्याच गाड्यांना आम्ही टायर धुऊन कट तपासून दिले. पाण्यानं रबर खराब होत नाही, पण तारेपर्यंत गेलेल्या कटमधून पाणी आत शिरलं की तार गंजते आणि पट्टा सुटायला लागतो. तेव्हापासून जूनच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर अशी दोनदा तपासणी आम्ही फुकट करतो: पाचही टायरचे आकडे, भेगा, कट, हवा. स्टेपनी खाली उतरवून. उसाच्या ट्रॉल्यांसाठी हीच तपासणी यंदापासून हंगाम सुरू व्हायच्या आधी गावात जाऊन करणार आहोत, कारण चार-पाच महिने एकाच जागी उन्हापावसात उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचे टायर पहिल्याच खेपेला भर रस्त्यात फुटतात. ज्या गावाला करून घ्यायची आहे त्यांनी दसऱ्याच्या आधी दुकानात सांगून ठेवावं, ट्रॉल्या एका जागी लावून ठेवल्या तर एका दिवसात गाव उरकतं.