औषध फुकट आहे, मग वर पैसे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी नागपुरात क्षयरुग्णांसोबत काम करते हे कळलं, की लग्नकार्यात, बसमध्ये, आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न येतो: "टीबीची तपासणी फुकट, औषधं फुकट. मग वर महिन्याला पैसे आणि रेशन कशाला? आमच्या कराचेच ना ते?"

कराचेच आहेत. आणि ते अगदी योग्य ठिकाणी जातात, असं माझं ठाम मत आहे.

ठिय्यावर, म्हणजे सकाळी रोजीचं काम मिळवायला मजूर जमतात त्या नाक्यावर, उभा राहणारा एखादा मजूर घ्या. खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन. थुंकी तपासली, टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या की लघवी लालसर-केशरी होते आणि माणूस घाबरतो. ते समजावता येतं. मळमळीचं काय करायचं? "म्याडम, गोळी घेतली का पोटात कसंतरी होते. घरात खायला असलं तर घेतो," हे मी कितीदा ऐकलंय. त्यातून थोडं बरं वाटलं, की तो पुन्हा ठिय्यावर. सहा महिने रोजी बुडवणं त्याला परवडणारच नाही, आणि गोळ्या देणारं केंद्र उघडेपर्यंत ठिय्यावरची कामं वाटून झालेली असतात. गोळ्या मध्येच सुटल्या, की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. मग उपचार जास्त महाग आणि जास्त त्रासाचा. त्याच्यासोबत एकाच खोलीत झोपणारी बायको-मुलं आहेतच.

पोटभर खाण्यानं घरच्यांचा टीबी टळतो का, याचाच अभ्यास झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्णांना सगळीकडे पोषक धान्य दिलं. काही भागांत मात्र घरच्या माणसांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांमध्ये टीबीचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाचा, म्हणजे पसरणारा टीबी ४८ टक्क्यांनी. दीड किलो डाळीनं! आपल्याकडे टीबीचं सगळ्यात मोठं कारण कुपोषण आहे. शरीरात झोपलेला जंतू अंगात ताकद नसली की उठतो.

रुग्णाला आज निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून दुप्पट झाले. म्हणजे दिवसाला तेहेतीस रुपये. यात अंडी आणि चणे होतात, बुडालेली रोजी भरून निघत नाही.

आता नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यातला कायम कामगार बघा. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, त्याची नोकरी पुरेशी जुनी असेल, तर टीबी झाल्यावर त्याला पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. ईएसआयची सुरुवात १९४८ च्या कायद्यानं झाली. आजार तोच, गोळ्या त्याच. एकाला घरी बसून बरं होण्याची सोय आहे, दुसऱ्याला नाही. आरोग्यातली विषमता म्हणतात ती मला या दोघांच्या मधल्या फरकात दिसते. दवाखान्यात दोघांना एकच उपचार मिळतो.

"पैसे दारूत जातात," असंही लोक म्हणतात. काहींचे जातात. बहुतेकांचे दुधात आणि घरभाड्यात जातात.

माझी तक्रार वेगळीच आहे. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचंच कागदांवाचून अडतं. छत्तीसगडहून, बालाघाटहून आलेल्या माणसाचं रेशनकार्ड गावी असतं. देशात कुठंही रेशन घेता येतं खरं, पण सिमेंटनं घासलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. बँकेचं खातं बंद पडलेलं, आधारवर नाव वेगळं. हप्ता येईपर्यंत उपचारातला अशक्तपणाचा काळ उलटून जातो. सुरुवातीचे दोन महिने तरी पूर्ण कुटुंबाचं धान्य गोळ्यांच्या खिडकीवरच मिळावं आणि रोजीची भरपाई ठिय्यावरच्या माणसालाही मिळावी, अशी माझी मागणी आहे.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्याकडे स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना टीबी निघाला, तर कामावरून काढू नका. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पगारी सुट्टी द्या, आणि पहिल्याच दिवशी आधार आणि पासबुक घेऊन केंद्रावर पाठवा. घरच्या सगळ्यांची तपासणीही तिथंच करून मागा.