जर्मन मशीनवर अडणारी आपली स्क्रिप्ट

पुण्यात वर्षानुवर्षं बिनबोभाट चालणारी शेल स्क्रिप्ट जर्मनीतल्या मशीनवर पहिल्याच रात्री अडते. सकाळी इथल्या, म्हणजे मी काम करते त्या जर्मनीतल्या, रिव्ह्यूमध्ये सूर असा लागतो की कोडच कच्चा होता. मला हे अजिबात पटत नाही. ती स्क्रिप्ट जिथे जन्मली तिथे बरोबरच होती. पण ती का अडली हे नीट पाहिलं, तर इथल्या नियमांमधले दोन-तीन आपण आजच उचलावेत असंही वाटतं. हिंजवडीत बसून जर्मन क्लायंटसाठी स्क्रिप्ट लिहिणारे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

प्रत्येक टीमकडे गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) रोजच्या कामांसाठी एक हेल्पर फाइल असते. वर्किंग ट्री (कामाचं फोल्डर) स्वच्छ आहे का, ब्रँच कोणती, बॅकअप घे, कमिट करून (बदल नोंदवून) पुश कर (सर्व्हरवर पाठव), अशी आठ-दहा फंक्शन्स तिच्यात असतात आणि बाकी सगळ्या स्क्रिप्ट ती सोर्स करतात, म्हणजे आत ओढून घेतात. त्यातलं पहिलंच फंक्शन इथे पडतं. ‘गिट स्टेटस’च्या आउटपुटमध्ये ‘नथिंग टू कमिट’ हे शब्द ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) शोधायचे, सापडले नाहीत तर कमिट करायचं, अशी त्याची रचना. जर्मन लोकॅल (भाषा-देशाची सेटिंग) असलेल्या मशीनवर गिट जर्मनमध्ये बोलतं, ‘निष्ट्स त्सू कमिटन’ असं काहीतरी छापतं. ग्रेपला इंग्रजी शब्द मिळत नाहीत, फंक्शनला वाटतं बदल आहेत, ते कमिट करायला जातं. कमिट करण्यासारखं काहीच नसल्यामुळे गिट १ हा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे ठीक) देतं आणि वर ‘सेट -ई’ (कमांड फसली की थांब) असल्याने स्क्रिप्ट तिथेच थांबते. वर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) चालवताना लोकॅलचे व्हेरिएबल बहुतेकदा नसतातच, त्यामुळे हाताने चालवली की पडते आणि क्रॉनमधून चालते असा उलटा प्रकार दिसतो आणि शोधणाऱ्याचा अर्धा दिवस जातो.

उपाय साधा आहे: ‘गिट स्टेटस --पोर्सेलेन’. या पर्यायाचा आउटपुट गिटची आवृत्ती बदलली किंवा वापरणाऱ्याने काहीही सेटिंग केलं तरी बदलणार नाही, अशी गिटच्या कागदपत्रांतच हमी आहे. आउटपुट रिकामा आला म्हणजे ट्री स्वच्छ. स्टेज केलेलं (पुढच्या कमिटसाठी निवडलेलं) काही आहे का एवढंच विचारायचं असेल तर ‘गिट डिफ --कॅश्ड --क्वाएट’ वापरावं: फरक नसेल तर ०, असेल तर १. मात्र रेपोच (गिटचा साठाच) बिघडला असेल तर १ पेक्षा मोठा कोड येतो, साधारणपणे १२८. ‘शून्य नाही म्हणजे बदल आहेत’ असं गृहीत धरणारं फंक्शन अशा वेळी बिघडलेल्या रेपोत कमिट करायला निघतं. म्हणून कोड नेमका १ आहे का हेच तपासावं.

आकड्यांचंही तसंच. जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. त्या लोकॅलमध्ये बॅशचा ‘प्रिंटएफ’ १२.५ हा आकडा घ्यायलाच नकार देतो, आणि जिथे घेतला जातो तिथे १२,५० असा छापला जातो. स्वल्पविरामाने रकाने पाडणाऱ्या सीएसव्हीत एका रकान्याचे दोन होतात. हेल्पर फाइलच्या सुरुवातीला ‘एलसी_न्यूमरिक=सी’ एक्सपोर्ट केलं की भागतं, फक्त ‘एलसी_ऑल’ आधीच कुणी लावलेलं नसावं, कारण ते सगळ्यांवर मात करतं. ‘सॉर्ट’ (क्रम लावणारी) आणि ‘कॉम’ (क्रमातल्या दोन फाइली ताडणारी) ही जोडी वापरत असाल तर दोन्हींच्या आधी एकच लोकॅल द्या, नाहीतर ‘कॉम’ फाइल क्रमाने नसल्याची तक्रार करतं.

आता खरा मुद्दा: फाइलची नावं. इथली रीत अशी की नावात उम्लाउट (अक्षरावरची दोन टिंबं) नको, ‘म्युलर’चा यू वर दोन टिंबं न देता यूई असा लिहायचा. वर्षानुवर्षं त्यांनी हे पाळलंय आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. त्यांचं त्यांनी ठरवावं, पण तोच नियम आपल्या फाइलींना लावायला मात्र माझा ठाम विरोध आहे. जर्मनला चारच अक्षरांसाठी तडजोड करावी लागते. आपल्याला संपूर्ण नाव रोमनमध्ये लिहावं लागेल, आणि ‘दौऱ्याचा हिशेब’ रोमनमध्ये पाच जण पाच तऱ्हांनी लिहितील. मग शोधणार कसं? देवनागरी नाव ठेवायचं आणि स्क्रिप्टने ते सांभाळायचं, हेच योग्य.

सांभाळायचं म्हणजे काय, तर आधी गिटचं ‘कोअर डॉट कोटपाथ’. हे मुळात चालूच असतं आणि आस्कीबाहेरचा (साध्या रोमन अक्षरांपलीकडचा) प्रत्येक बाइट गिट अष्टमान आकड्यात छापतं. ‘अहवाल’मधला अ स्क्रिप्टला \३४०\२४४\२०५ असा दिसतो, वर सगळं नाव दुहेरी अवतरणात येतं. या नावाची फाइल डिस्कवर नसतेच, त्यामुळे पुढची ‘सीपी’ (कॉपी) किंवा ‘एमव्ही’ (हलवणं) पडते. कोटपाथ बंद करून माणसाला नाव वाचता येतं, पण स्क्रिप्टसाठी ‘-झेड’ हाच खरा मार्ग. त्यात नावं जशीच्या तशी येतात आणि दोन नावांमध्ये शून्य बाइट असतो, म्हणून स्पेस, नवी ओळ, काहीही असलं तरी नाव तुटत नाही. वाचताना ‘रीड -आर -डी’ला रिकामी स्ट्रिंग द्यायची, ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ला ‘-०’. एक खोच लक्षात ठेवा: पोर्सेलेनबरोबर ‘-झेड’ दिलं की नाव बदललेल्या फाइलीच्या नोंदीत आधी नवं नाव येतं, मग जुनं. ‘-झेड’ नसताना हा क्रम उलटा असतो.

यापुढचा भाग इथल्या लोकांना अर्धाच माहीत आहे. दोन टिंबांचा यू युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, बाइट (अष्टमानात) ३०३ २७४, किंवा साधा यू आणि त्यावर वेगळी टिंबं, बाइट १६५ ३१४ २१०. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टम नावं दुसऱ्या प्रकारे साठवायची. तिथून लिनक्सवर आलेल्या झिपमधून एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारीशेजारी बसतात आणि गिट दोन्ही वेगळ्या मानतं.

आपल्या ‘ऱ्य’चं दुखणं याहून पुढचं आहे. ‘दौऱ्या’मधला ऱ एकसंध असेल तर त्याचे बाइट ३४० २४४ २६१. तोच सुटा केला की र आणि नुक्ता, म्हणजे ३४० २४४ २६० आणि ३४० २४४ २७४. शिवाय तिसरी तऱ्हा: साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, बाइट ३४२ २०० २१५. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून यातलं काहीही येऊ शकतं. ‘एलएस’च्या आउटपुटला ‘ओडी -बी’ जोडलं की कोणतं आलंय ते आकड्यांत दिसतं.

पहिल्या दोन तऱ्हा एक करायला ‘कॉन्व्हएमव्ही’ उत्तम: ‘-एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी -आर’. हे साधन आपणहून काहीच बदलत नाही, काय बदलेल ते फक्त दाखवतं. ‘--नोटेस्ट’ दिल्यावरच नावं बदलतात. तिसरी तऱ्हा मात्र युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्ये (एकाच अक्षराच्या तऱ्हा एक करण्याच्या नियमांत) बसत नाही, ती हेल्परमध्ये हातानेच हाताळावी लागते: र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. जॉइनर सरसकट काढू नका. अर्धी अक्षरं मुद्दाम सुटी दाखवायला तोच वापरतात, आणि मग नाव वेगळंच दिसायला लागतं. लांबीचंही भान हवं. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टमवर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण, मात्रा, हलन्त तीन बाइट खातो, म्हणजे ८५ चिन्हांत संपलं. नावाला तारीख आणि ब्रँचचं नाव जोडणारी बॅकअप फंक्शन्स इथेच अडतात.

घड्याळाचं गणित आपल्याकडे नाहीच, त्यामुळे ते कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री २ वाजता घड्याळ ३ वर जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ३ वरून परत २ वर येतं. अडीचला ठेवलेलं काम मार्चमध्ये चुकतं आणि ऑक्टोबरमध्ये दोनदा होऊ शकतं. काही क्रॉन हे सांभाळून घेतात, सगळे नाहीत. बॅकअपच्या नावात तास-मिनिटं असतील तर दुसऱ्या वेळी पहिला बॅकअप पुसला जातो. ‘डेट -यू’ने यूटीसीत (घड्याळ पुढे-मागे न होणाऱ्या जागतिक वेळेत) नाव बनवा आणि काम २ ते ३ च्या बाहेर ठेवा. गिट स्वतः सेकंदांचा आकडा आणि लिहिणाऱ्याचा +०५३० सारखा फरक वेगवेगळा जपतं, पण ‘--सिन्स=यस्टरडे’ हे मध्यरात्रीपासून नाही, तर चालवल्या क्षणापासून मागचे चोवीस तास मोजतं, त्यामुळे दोन ठिकाणी वेगळ्या वेळी चालवलं की यादी वेगळी येते. पुण्यातली आणि म्युनिकची रिपोर्ट न जुळण्याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं.

इथला एक नियम मात्र मनापासून आवडला: जे फंक्शन काही पुसतं किंवा हलवतं ते मुळात फक्त दाखवणारं असावं, आणि खरं काम करायला वेगळा झेंडा (कमांडचा पर्याय) द्यावा लागावा. दोन जोडी डोळ्यांशिवाय काही विलीन होत नाही, हेही त्यातलंच. आपल्याकडे ‘करून टाक, बघू’ म्हणून कामं झपाट्याने होतात आणि त्या झपाट्याचा मला अभिमान आहे. पण ‘आरसिंक --डिलीट’ (फोल्डर जुळवून जास्तीच्या फाइली पुसणारी कमांड) चालवताना स्रोताच्या नावापुढे एक तिरका दंड जास्तीचा पडला की फाइली स्वतःच्या फोल्डरासकट न जाता थेट गंतव्यात सांडतात आणि गंतव्यातलं जुनं सगळं उडतं. आधी ‘-एन’ (फक्त दाखव) लावलं असतं तर हे यादीतच दिसलं असतं. फाइल बदलताना ‘एमकेटेम्प’ने तात्पुरती फाइल त्याच फोल्डरमध्ये बनवावी, कारण एकाच फाइलसिस्टमवर ‘एमव्ही’ एका झटक्यात होतं, दुसरीकडून आणताना ती आधी कॉपी होते आणि अर्धवट फाइल दिसू शकते. ‘एमकेटेम्प’ परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवतं, त्यामुळे हलवण्याआधी ‘सीएचमॉड’ विसरलात तर बाकीच्यांना ती वाचता येत नाही.

हे सगळं पुण्यातच तपासता येतं, जर्मन मशीन लागत नाही. ‘लोकॅल -ए’मध्ये डीई_डीई नसेल तर ते आधी बनवून घ्या, नाहीतर सेटिंग दुर्लक्षिलं जातं आणि चाचणी खोटी पास होते. मग एक चाचणी फोल्डर: एका नावात स्पेस, एकात नवी ओळ, एक डॅशने सुरू होणारं, दोन टिंबांचा यू दोन्ही तऱ्हांनी, ‘दौऱ्या’ तिन्ही तऱ्हांनी. हेल्परमधलं प्रत्येक फंक्शन त्या फोल्डरवर जर्मन लोकॅलमध्ये चालवा. डॅशच्या नावावर फाइल पुसणारी ‘आरएम’ अडली तर तिच्यात फाइलच्या नावाआधी ‘--’ घालायचं राहिलंय.