छताला दिवा नसलेलं घर

डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीनच्या आत मावळतो. मधल्या वेळातही तो क्षितिजाच्या जेमतेम वर असतो. त्यात ढग आले, आणि ते बहुतेक रोज येतात, की सकाळपासून तिन्हीसांजच. इथली घरं समजून घ्यायची तर सुरुवात या अंधारापासून करावी लागते.

हे लिहायचं निमित्त माझी वहिनी. तिचा बाणेरला नवीन फ्लॅट होतोय आणि तिला तो ‘स्कँडिनेव्हियन स्टाइल’ करायचाय. तिने पाठवलेल्या फोटोंमध्ये पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, फिकट लाकूड आणि कोपऱ्यात एक झाड. “तू तिथेच राहतेस, तूच सांग काय काय घेऊ,” असं तिचं म्हणणं. तिला सांगायला बसले तेव्हा विकत घ्यायच्या वस्तूंची यादी फार लहान झाली. सांगण्यासारखं होतं ते उजेडाबद्दल: तो घरात कसा आणतात, कसा पुरवून वापरतात आणि बाहेर काळोख झाला की घरात नेमका कुठे ठेवतात.

आम्ही हम्मारबीहॉयडेन भागात राहतो. इथल्या बऱ्याच इमारती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या, तीन मजली आणि रुंदीला मुद्दाम कमी. त्यांना ‘स्मालहूस’ म्हणतात, म्हणजे अरुंद घर. इमारत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जेमतेम आठ-दहा मीटर, त्यामुळे फ्लॅटला दोन्हीकडे खिडक्या मिळतात. आमच्याकडे सकाळी स्वयंपाकघर उजळतं, दुपारी बैठकीची खोली. १९३० साली स्टॉकहोममध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्याचे मुख्य वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड. कामगाराच्या लहानशा घरालाही भरपूर हवा-उजेड मिळाला पाहिजे, हा विचार तिथे ठामपणे मांडला गेला आणि पुढच्या दहा वर्षांत तो विटा-चुन्यात उतरला. आमचं घर दोन खोल्यांचं आहे, पण ते लहान वाटत नाही, याचं श्रेय मी त्या अरुंद इमारतीला देते. पांढऱ्या भिंतींचं कारणही हेच. जो काही मूठभर उजेड येतो तो भिंतींनी परत खोलीत टाकावा.

खिडक्यांना तीन-तीन काचा असतात, खाली रेडिएटर आणि वर चांगली रुंद पाटी. त्या पाटीवर जिरेनियमच्या कुंड्या ठेवतात. पडदे असले तरी ओढत नाहीत. रस्त्यावरून जाताना लोकांची पुस्तकं, जेवणाचं टेबल, भिंतीवरचं चित्र, सगळं दिसतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

आता दिवे. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. (स्वीडिशमध्ये मी त्यांना नावानेच हाक मारते, तशी इथली रीतच आहे, पण मराठीत लिहिताना आजीच येतं.) एका हिवाळी दुपारी मी त्यांच्याकडे कॉफीला गेले होते. अडीचच्या पुढे अंधारून यायला लागलं तशा त्या बोलता बोलता उठल्या आणि घरभर एक फेरी मारली. आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतला दुधी काचेचा छोटा दिवा. मग टेबलावरचा टांगता दिवा, इतका खाली सोडलेला की टेबल बाजूला सरकवलं तर डोक्याला लागेल. मग खुर्चीशेजारचा पितळी वाचनाचा दिवा, पुस्तकांच्या मांडणीवरचा एक, आणि शेवटी कपबशांच्या मधोमध मेणबत्ती. छताच्या मध्यावर आकडा होता, पण रिकामा. खोलीत उजेडाची चार-पाच तळी तयार झाली. मधल्या जागा अंधुकच राहिल्या, आणि त्या तशाच राहू देतात. उजेड बाजूने आणि खालून आला की माणसाचा चेहरा निवतो, डोळ्यांखालची सावली जाते. त्या टेबलाशी आम्ही सहा वाजेपर्यंत बसलो होतो.

दिवा ही इथे इतकी स्वतःची वस्तू आहे की घर बदलताना लोक आपले दिवे काढून बरोबर नेतात. भाड्याच्या घरात पाऊल टाकलं की छताला नुसता प्लगचा पॉइंट दिसतो.

शेजारच्या डेन्मार्कमध्ये पोल हेनिंगसन यांनी तर आयुष्यभर हाच प्रश्न धरून ठेवला. विजेचा बल्ब डोळ्यांत घुसतो, तो कुठूनही थेट दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. एकाखाली एक झाकणं रचून त्यांनी उजेड खाली आणि बाजूला वळवला. त्यांचा १९५८ चा ‘पीएच ५’ दिवा अजूनही बनतो. नावातला पाच हा त्याच्या पन्नास सेंटिमीटर व्यासावरून आलेला. जेवणाच्या टेबलावर तो टांगलेला असताना मान कितीही वाकवली तरी बल्ब दिसत नाही. मी हे करून पाहिलंय.

पण मला सगळ्यात जवळची वाटणारी वस्तू जमिनीवर असते. ‘त्रासमत्ता’, म्हणजे चिंध्यांचा गालिचा. जुने कपडे, चादरी, पडदे फाडून त्यांच्या पट्ट्या करतात आणि मागावर सुती ताण्यात आडव्या विणतात. आजींच्या स्वयंपाकघरातला असा गालिचा त्यांच्या आईने विणलाय. निळे पट्टे वडिलांच्या कामाच्या सदऱ्यांचे, फिकट गुलाबी उशीच्या अभ्र्यांचे, आणि एका टोकाला थोडासा हिरवा, तो आजींच्या शाळेतल्या फ्रॉकचा. बोट ठेवून त्यांनी हे मला एकेक करून सांगितलं आणि मला आमच्या आजीची गोधडी आठवली. तिच्या नऊवारीचे काठ आणि आजोबांची धोतरं मीही अशीच बोट ठेवून ओळखायचे. त्रासमत्ता दोन्ही बाजूंनी सारखाच असतो, मळला की उलटा करतात. पाइनच्या लाकडी जमिनीवर हिवाळ्यात अनवाणी चालायचं तर तो हवाच.

स्वयंपाकघराबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल, पण एक सांगतेच. १९४४ मध्ये इथे घरकामावर संशोधन करणारी एक संस्था निघाली. ओट्याची उंची किती असावी, खण किती खोल असावेत, काम करणाऱ्या बाईची पावलं कुठे वाचतील, हे त्यांनी मोजमाप घेऊन अभ्यासलं. त्यातून पुढे स्वयंपाकघरांची प्रमाण मापं ठरली. बाईचे श्रम मोजण्याच्या लायकीचे आहेत असं एखाद्या देशाला वाटावं, याचं मला फार अप्रूप आहे. आमच्या ओट्याशेजारी ‘स्काफेरी’सुद्धा आहे: भिंतीतलं उभं कपाट, मागून बाहेरच्या हवेला उघडणारा छोटा झरोका. फ्रिज घरोघरी नव्हते तेव्हाची सोय. आता तिथे बटाटे, कांदे आणि आईने पाठवलेला गोडा मसाला. झरोक्याच्या गारव्यात मसाल्याचा वास छान टिकतो.

आणि रंग! नॉर्डिक घर म्हणजे पांढरं-राखाडी, हे फोटोंनी पसरवलेलं चित्र आहे. दालार्ना भागात सुंडबॉर्न नावाचं गाव आहे. तिथलं कारिन आणि कार्ल लार्सन यांचं घर आता संग्रहालय आहे. कार्लने त्या घराची काढलेली जलरंगातली चित्रं १८९९ मध्ये पुस्तकात आली आणि स्वीडिश घराची कल्पनाच त्यांनी घडवली. त्यांत लाल आणि हिरवं ठसठशीत आहे, भिंतीवर वेलबुट्टी आहे, आणि कारिनने स्वतः विणलेली कापडं आहेत. (चित्रं कार्लची म्हणून नाव त्याचं झालं, घर निम्म्याहून अधिक तिचं, असं मी म्हणेन.) पुढे १९३३ मध्ये व्हिएन्नाचे योसेफ फ्रांक, ज्यूंविरोधी वातावरणामुळे देश सोडून स्टॉकहोमला आले. एस्ट्रिड एरिकसन यांच्या ‘स्वेन्स्क्ट टेन’ या दुकानासाठी त्यांनी फुलापानांनी, पक्ष्यांनी गच्च भरलेली कापडं रेखाटली. स्ट्रँडव्हॅगनवरच्या त्या दुकानात ती आजही मिळतात. दार उघडून आत गेलं की डोळे भरून येतात इतका रंग.

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे ॲडव्हेंट सुरू होतो त्या दिवशी, खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या आणि सात दिव्यांचे त्रिकोणी स्टँड लागतात. हा विजेचा स्टँड १९३० च्या दशकात गॉथेनबर्गमध्ये फिलिप्समध्ये काम करणाऱ्या ऑस्कर अँडरसन यांनी बनवला. आमच्या खिडकीत त्याआधीच, दिवाळीपासून, आकाशकंदील लागलेला असतो. तो आम्ही जानेवारीपर्यंत उतरवतच नाही. इथल्या नोव्हेंबरमध्ये, चांदण्या लागायच्या आधी, त्याची खरी गरज असते.

तर वहिनीला मी काय सांगितलं? पांढऱ्या भिंतींचा हट्ट सोड. पुण्यात उन्हाची कमी नाही. एप्रिलच्या दुपारी पांढरी भिंत डोळ्यांवर येईल. माहेरच्या वाड्यातली शहाबादी फरशी तळपायाला जे सुख देते ते लाकडी जमीन तिथे देणार नाही, तेव्हा खाली फरशीच ठेव. फॉल्स सीलिंगमध्ये ओळीने दिवे बसवायचं जे कोटेशन आलंय, ते मात्र परत पाठव. त्या पैशांत पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे बल्ब आणि चार साधे दिवे घे. नवी मुंबईला तुर्भ्याच्या आयकियात कागदी शेडचे मिळतात, नाहीतर तुळशीबागेत पितळी समया आहेतच. प्लास्टर व्हायच्या आत इलेक्ट्रिशियनला गाठून खिडकीखाली, पलंगाशेजारी आणि पुस्तकांच्या कपाटाजवळ एकेक पॉइंट काढून घे. जेवणाच्या टेबलावरचा दिवा टेबलापासून साधारण साठ सेंटिमीटरवर येईल एवढी वायर सोडायला सांग. तो नक्की म्हणेल, मॅडम, फार खाली होतंय.

होऊ दे म्हणावं.