गाणं ऐकवताना नेमकं काय विचारायचं

घरी रेकॉर्ड केलेलं स्वतःचं गाणं ग्रुपवर टाकलं की येणारी उत्तरं ठरलेली असतात: 'मस्त', 'भारी जमलंय', चार अंगठे आणि एखादं 'आवाज जरा वाढव'. त्यातून गाण्यात काडीचा फरक पडत नाही. ऐकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला नेमकं काय विचारलंय हेच त्याला माहीत नसतं. चाल धरते का, शब्द कळतात का, मिक्स (गळा आणि साथ यांच्या पातळ्यांचा मेळ) बसलंय का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. एकाच फाइलवर तिन्ही विचारले की जे आधी खटकेल त्यावरच माणूस बोलतो, आणि घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात आधी खटकतो तो खोलीतला आवाज. चालीबद्दल मत हवं असतं आणि चर्चा होते पंख्याच्या घरघरीची.

म्हणून पहिला अभिप्राय कच्च्या गाण्यावर घ्या. गळा आणि एकच साथ, हार्मोनियम किंवा गिटार. ठेका हवाच असेल तर साधा केरवा नाहीतर दादरा लूपवर लावा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको, मागे स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारख्या वाद्यांचा थर) नकोत. याला फोनवरचं रेकॉर्डिंगही चालतं: पंखा बंद, फोन हातभर अंतरावर, आणि तोंड कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटाकडे. ज्या गोष्टीबद्दल विचारायचंय तेवढीच ऐकू येईल अशी फाइल पाठवायची, हे एक पथ्य पाळलं तरी निम्मी निरुपयोगी मतं यायची थांबतात.

या टप्प्यावर 'कसं वाटलं?' विचारूच नका. तीन गोष्टी मागा. लक्ष कुठे उडालं ते मिनिट-सेकंदात. ऐकून झाल्यावर कोणती ओळ आठवते. आणि तासाभराने, पुन्हा न ऐकता, मुखडा गुणगुणून एक व्हॉइस नोट. माझ्या मते तिसऱ्या मागणीइतकं सोनं दुसऱ्या कशात नाही. माणूस आठवणीतून गातो तेव्हा अवघड जागा आपोआप सोपी करून टाकतो. तुमची चाल पंचमावरून थेट वरच्या गंधारावर उडी मारत असेल आणि ऐकणारे तीनही जण मध्ये षड्जावर पाय ठेवून वर जात असतील, तर ती उडी कानाला पकडता आलेली नाही. ती ठेवायची की सोडायची हा निर्णय तुमचा, पण आता तो माहीत असून घेतलेला असेल. पट्टी बदलली किंवा सूर थोडा हलला तर त्याकडे पाहू नका, वळणं कुठे सपाट झाली तेवढं पाहा.

शब्दांसाठी वेगळी परीक्षा घ्या. गीताचे शब्द न देता गाणं ऐकवा आणि मुखडा कागदावर लिहून मागा. समजा ओळ आहे 'दिवस रेंगाळतो दारी', आणि दोघांनी लिहिलं 'दिवस रे, गाळतो दारी'. इथे अनुस्वार हरवला. नाकातून येणाऱ्या आवाजाचा जोर साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि गिटारच्या जाड तारा किंवा हार्मोनियमचं खालचं सप्तक नेमकं तिथेच भरलेलं असतं. साथीत त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करून पाहा. तरी फरक पडला नाही तर दोष गाण्यात आहे: 'रें'वर स्वर ताणून 'गा'ला घाईत उरकलंय. तिथे मिक्सला हात लावण्याऐवजी चालीत त्या अक्षराला अर्धी मात्रा जास्त द्यावी लागते.

मराठीत आणखी एक हमखास सापडणारी जागा म्हणजे लघु अक्षरावर पडलेला लांब सूर. 'मन' मधला 'म' दोन-तीन मात्रा ताणला की तोंड उघडतं आणि ऐकणारा 'मान' लिहितो. 'नदी'ची 'नादी' होते. गाणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण त्याच्या डोक्यात शब्द आधीच पक्का असतो. लांब सूर पुढच्या गुरू अक्षरावर सरकवा, किंवा शब्द बदला.

चाल आणि शब्द इथे पक्के झाले की मगच पूर्ण रेकॉर्डिंग आणि मिक्स. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा, मध्ये पॉप फिल्टर ('प', 'फ'चे फटके अडवणारी जाळी), आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर तुमच्या पाठीमागची भिंतही असते. सगळ्यात जोरातली ओळ मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान येईल इतकाच गेन (माइकची आत येणारी पातळी) ठेवा.

मिक्स ऐकवायला पाठवताना फाइलकडे नीट लक्ष द्या. जाणकाराला २४ बिटची वेव्ह फाइल, इतरांना ३२० केबीपीएसची एमपी३. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोवर गाणं चढवून व्हिडिओ केला की आवाजही दाबला जातो, आणि मग झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या वाटतात अशी तक्रार येते, ज्यात तुमच्या मिक्सचा काही संबंध नसतो. लाउडनेस उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या एकूण जोराचं माप) आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या खाली असू द्या. स्पॉटिफाय मुळात याच पातळीवर गाणी आणून वाजवतं, त्यामुळे लिमिटर (उंच टोकं दाबून जोर वाढवू देणारं साधन) पिळून मिळवलेला जोर तिथे तसाही कापला जातो.

दोन मिक्समधून निवड करायची असेल तर पातळी जुळवणं फारच महत्त्वाचं आहे. एक डेसिबलने मोठी फाइल बहुतेकांना 'जास्त चांगली' वाटते, आणि का ते त्यांना सांगता येत नाही. ऑडासिटी या सॉफ्टवेअरमधलं लाउडनेस नॉर्मलायझेशन दोन्ही फाइलींना एकाच आकड्यावर लावा. नावं 'अ' आणि 'ब' एवढीच ठेवा. 'फायनल नवीन' असं नाव दिसलं की निकाल आधीच लागलेला असतो. आणि दोघींत फरक एकाच गोष्टीचा ठेवा.

आता येणाऱ्या तक्रारी. कुठे खुपतंय ते साधा श्रोताही अचूक सांगतो, पण सुचवलेला उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. 'मधल्या म्युझिकमध्ये बासरी टाक' याचा अर्थ तिथे आठ आवर्तनं काहीच घडत नाहीये. बासरी शोधण्याआधी तो तुकडा निम्मा करून पाहा.

सगळ्यात जास्त येणारं वाक्य 'आवाज दबलाय'. यावर लगेच गळ्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) वर नेऊ नका, आधी गाणं अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीतून यावं इतकं हळू लावा. फक्त खालच्या सुरातल्या ओळी गायब होत असतील तर प्रश्न चढ-उताराचा आहे. त्या ओळींचा आवाज हाताने वाढवा, मग तीनास एकच्या रेशोने कम्प्रेसर (जोरातला भाग दाबून चढ-उतार कमी करणारं साधन) लावा, त्याची सुई चार ते सहा डेसिबल हलेल इतपत. सगळ्याच ओळी बुडत असतील तर साथ २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गळ्यावर बसली आहे, तेव्हा तिथे साथीत रुंद घेराने दोन-तीन डेसिबल कापा. आणि शब्द कळतात पण माणूस लांब उभा वाटतो असं असेल तर रिव्हर्बला ३०-४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) द्या, रिव्हर्बचं २५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. रिव्हर्ब पूर्ण बंद करूनही लांबच वाटलं तर खोलीच रेकॉर्ड झाली आहे. त्यावर प्लगइन शोधत बसण्यापेक्षा पुन्हा गायलेलं केव्हाही बरं.

'गाणं ठेक्याच्या मागे पडतंय' याची दोन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. गळा सगळीकडे सारखाच उशिरा येत असेल तर ते लेटन्सीचं, म्हणजे आवाज यंत्रातून जाताना होणाऱ्या उशिराचं, काम आहे. ब्लूटूथ हेडफोन लावून गायलात तर ठेका तुमच्या कानात शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, तुम्ही त्याच्याबरोबर अगदी समेवर गाता, आणि ट्रॅक तेवढाच मागे पडतो. तो सरळ डावीकडे सरकवा आणि पुढच्या वेळी वायरचा हेडफोन वापरा. स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकत असाल तर बफर (सॉफ्टवेअर एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणा. ४४.१ किलोहर्ट्झला तो जेमतेम ३ मिलिसेकंद होतो, १०२४ वर २३, आणि आत येताना व बाहेर जाताना तो दोनदा मोजावा लागतो. काही ओळी मागे आणि काही पुढे असतील तर मात्र तो रियाजाचा प्रश्न आहे.

'बास फार आहे' हे कारमध्ये ऐकणाऱ्याकडून येतं आणि तुम्हाला घरी अजिबात पटत नाही. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झला उभी लहर तयार होते. त्या दोन भिंतींच्या बरोबर मध्ये बसलात तर तिथे तो सूर जवळजवळ नाहीसा होतो, मग तुम्ही तो वाढवत नेता. खुर्ची थोडी पुढे-मागे सरकवा आणि खालच्या सुरांचा निर्णय हेडफोनवर पडताळा. उलट बाजूने, 'डग्गा ऐकूच येत नाही' हे फोनवर ऐकणारा सांगतो. फोनच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. डग्ग्याला थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) द्या, म्हणजे वरचे स्वरांश उमटतात आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो.

'काहीतरी सुरात नाही, पण काय ते कळत नाही' हा शेरा कधी झटकून टाकू नये. तानपुरा आणि हार्मोनियम दोन्ही वाजत असतील तर शुद्ध गंधार तपासा. हार्मोनियमचा गंधार तानपुऱ्यातून निघणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. गळा कधी एकाला धरतो, कधी दुसऱ्याला. लांब गंधारावर हार्मोनियम काढून घ्या. पावसाळ्यात रेकॉर्ड केलं असेल तर तबलाही पाहा, दमट हवेत पुडी सैल पडते आणि पहिल्या कडव्यात मिळवलेला सूर शेवटापर्यंत उतरलेला असतो.

गुरुजनांना किंवा अनुभवी संगीतकाराला विचारताना त्यांचा वेळ जपा. असं लिहा: 'ताई, नमस्कार. गाणं २ मिनिटं ५० सेकंदांचं आहे, पट्टी काळी चार, दादरा. मिक्स कच्चं आहे, त्याकडे कृपया दुर्लक्ष करावं. १:४८ ला दुसऱ्या कडव्यावरून मुखड्यावर येताना धक्का बसतो का, एवढंच सांगाल का?' अशा निरोपाला उत्तर येतं. चार गाणी आणि 'प्लीज ऐका ना' याला येत नाही.

उत्तरं आली की वेळेनुसार लिहून ठेवा. एकमेकांशी न बोलता दोघांनी त्याच पाच सेकंदांवर बोट ठेवलं तर तिथे दुरुस्ती हवीच. एकट्याचं मत असेल तर ते त्याच्या क्षेत्रातलं आहे का ते पाहा: गाणाऱ्याचं सुराबद्दल, तबलजीचं लयीबद्दल. समर्थन देऊ नका. 'ते मुद्दाम तसं केलंय' म्हटलं की पुढच्या वेळी तो माणूस 'छान' म्हणून मोकळा होतो.

कोणी सुचवलेली अख्खी ओळ किंवा सुरावट गाण्यात राहणार असेल तर श्रेयाचं त्याच दिवशी बोलून मेसेजमध्ये लिहून घ्या. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार कॉपीराइट नोंदणीशिवायही मिळतो, त्यामुळे त्या ओळीवर तिच्या लेखकाचा हक्क खरोखरच उभा राहतो. गाणं प्रसिद्ध झाल्यावर हा विषय काढणं दोघांनाही जड जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तीच माणसं उपयोगाची नसतात. शब्द त्यांना पाठ झालेले असतात, त्यामुळे दबलेली ओळही त्यांना स्वच्छ ऐकू येते. पहिल्यांदा ऐकण्याची संधी प्रत्येक माणसाकडून एकदाच मिळते. म्हणून सुरुवातीलाच दोन चांगले कान बाजूला काढून ठेवा, आणि शेवटचं मिक्स तयार होईपर्यंत त्यांना मुखड्याचा तुकडासुद्धा पाठवू नका.