बाटलीचा प्रश्न: इन्सुलेटेड की ओला मांजरपाट?

मागची नोंद सायकलवर पाणी थंड राहावे म्हणून इन्सुलेटेड (दुहेरी भिंतीची, उष्णता अडवणारी) बाटली घ्यावी की साध्या बाटलीवर भागवावे, या वादावर थांबली होती. आता त्यात एक तिसरा पक्ष उभा राहिला आहे आणि तो इतका स्वस्त आहे की खरेदीची यादी मी तूर्त बाजूला ठेवली आहे. इंदूरजवळ महूच्या पुढे, जानापाव डोंगराच्या पायथ्याशी, भर मे महिन्यात, ऊन चांगले तापल्यावर मी जे पाणी प्यायलो ते घरून नळावर भरले होते त्यापेक्षा थंड होते. बर्फाचा एक खडाही त्यात नव्हता. साध्या, एकेरी भिंतीच्या ६२० मि.ली. बाटलीवर मांजरपाटाची ओली खोळ चढवलेली होती, एवढेच.

तत्त्व माठाचेच आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते आणि ६०० मि.ली. पाणी एका अंशाने थंड करण्यासाठी सुमारे अडीच किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे खोळीतून दहा ग्रॅम पाणी उडाले आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता बाटलीतूनच आली, तर तापमान नऊ-दहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता बाहेरच्या हवेतून येते, त्यामुळे उतार तेवढा मिळत नाही. तरीही माळव्यातील उन्हाळ्याची कोरडी हवा येथे आपल्या बाजूने असते. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले फडके सावलीत साधारण २२-२३ अंशांपर्यंत थंड होऊ शकते. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हा प्रयोग करणाऱ्यांनी मला दोष देऊ नये, आणि पावसाळा लागला की इंदूरमध्येही खोळ कपाटात जाईल.

इन्सुलेटेड बाटलीविषयीचे माझे मत यामुळे बदलले नसले, तरी अधिक स्पष्ट झाले आहे. ती तापमान टिकवते, उतरवत नाही. घरून बर्फ घालून निघालो तर पहिला टप्पा सुखाचा जातो. पण वाटेत उन्हात तापलेल्या टाकीचे पाणी भरले की तीच भिंत ते कोमट पाणी निष्ठेने कोमट ठेवते. तिच्यावर ओली खोळ चढवणेही व्यर्थ, कारण आतली उष्णता बाहेर पोहोचतच नाही. शिवाय दुहेरी भिंतीमुळे तेवढ्याच आकारात पाणी कमी मावते. त्यातल्या त्यात कॅमलबॅकची पोडियम चिल मला आवडते, कारण ती दाबता येते आणि झाकणाचा व्हॉल्व्ह दातांनी ओढावा लागत नाही. स्टीलच्या व्हॅक्यूम बाटल्या मात्र मी सायकलवर बाद ठरवतो: वजन जास्त, दाबता येत नाहीत, आणि पिण्यासाठी मान मागे टाकावी लागत असल्याने नजर रस्त्यावरून हटते. इंदूर-खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात ट्रकच्या रांगेशेजारी हा धोका पत्करण्याजोगा नाही.

आता खऱ्या डोकेदुखीकडे वळतो. नेहमीच्या केज, म्हणजे सायकलच्या फ्रेमवर बाटली अडकवायचे पिंजरे, ७३-७४ मि.मी. व्यासाच्या बाटलीसाठी बनवलेल्या असतात. मांजरपाट भिजला की फुगतो. त्यात शिवणीची घडी आली की बाटली केजमध्ये इतकी घट्ट बसते की चालत्या सायकलवर एका हाताने निघत नाही, आणि निघाली तर खोळ मागेच राहते. खोळ खाली ओढली जाऊ नये म्हणून इलॅस्टिक लावले, तर ते नेमके बाटलीच्या खाचेत बसते, जेथे केजची जीभ अडकायला हवी. जीभ अडकली नाही की खराब रस्त्यावर बाटली उडते. एका दुकानदाराने यावर उपाय म्हणून महागडी कार्बन केज सुचवली. पण कार्बन वाकत नाही, हीच तर अडचण आहे. त्यापेक्षा साधी ॲल्युमिनियमच्या तारेची केज बरी, कारण ती हाताने दोन-तीन मि.मी. फाकवता येते. खोळ मी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून आणलेल्या पातळ मांजरपाटाची, खाचेच्या खालीच संपणारी अशी पुन्हा शिवली, आणि शिवण केजच्या मोकळ्या बाजूला येईल असे पाहिले. आता बाटली नीट निघते, नीट बसते, आणि हे पहिल्यांदा घडले तेव्हा मी उगाचच दोन-चार वेळा ती काढून-घालून पाहिली!

तरीही एक उणीव राहतेच. डाउनट्यूबवरची, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरची, बाटली पुढच्या चाकाच्या आडोशाला असते, केज तिचा काही भाग झाकते, आणि चढावर वेग आठ-नऊ किलोमीटरवर आला की वारा नावापुरताच लागतो. कापडाला वारा हवा, आणि तो सर्वांत मोकळा मिळतो हँडलबारपाशी.

हे लिहीत असतानाच सुचले की केजच्या मागे लागण्याचे कारणच नाही. स्टेमशेजारी (हँडलबार धरणाऱ्या दांड्याशेजारी) टांगण्याच्या ज्या उभ्या पिशव्या मिळतात, तशी पिशवी जाड सुती कॅनव्हासची, अस्तराशिवाय शिवली तर पिशवी हीच खोळ होईल. पूर्वी ट्रकच्या आणि जीपच्या पुढे लटकणाऱ्या छागलीसारखी, म्हणजे पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशवीसारखी, फक्त पाणी बाटलीतच राहील. बाजारातल्या पिशव्या नायलॉनच्या असतात आणि आत फोम असतो, म्हणून त्या या कामाला निरुपयोगी. ताडपत्री शिवणारा कारागीर हे काम सहज करील. तोंडाचा व्यास ८० मि.मी. ठेवावा, तळाला एक भोक ठेवावे, आणि दोन पट्टे हँडलबारला व एक हेडट्यूबला (फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीला) बांधावा, असा आराखडा आहे. सीटखालच्या नळीवरच्या केजमध्ये बर्फाची इन्सुलेटेड बाटली परतीसाठी राहील. तिच्यात चतुर्थांश पाणी भरून ती आडवी ठेवून गोठवली की नोझल मोकळे राहते.

कापड कापण्यापूर्वी एक विचारायचे आहे: जानापावच्या चढावर उभे राहून पेडल मारताना अशी पिशवी गुडघ्याला लागते का? ज्यांच्या फ्रेमचा आकार ५२ सें.मी. किंवा त्याहून लहान आहे, त्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.