घरी गिटार ॲम्प रेकॉर्ड करायला माईक कोणता?

एकच माईक घ्यायचा असेल तर शुअर एसएम५७. १९६५पासून बाजारात आहे, डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा दणकट माईक) आहे, ॲम्प कितीही मोठा केला तरी माईकमध्ये आवाज फाटत नाही. गोव्यात डायनॅमिकच बरा, त्याला आणखी एक कारण म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा. कंडेन्सर हा जास्त संवेदनशील माईक; त्याच्या कॅप्सूलवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागावर, ओल धरली की चरचर सुरू होते. तो हवाच असेल तर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

खरा फरक पडतो तो जागेने. ॲम्पच्या जाळीवर टॉर्च मारा, आत स्पीकरच्या मधली गोल टोपी दिसेल. माईक तिच्या कडेसमोर, जाळीपासून २-३ सेंमीवर. आवाज कानाला टोचला तर सेंटीमीटरभर बाहेर सरकवा, गढूळ वाटला तर आत. बास फुगला तर थोडा मागे घ्या. इक्वलायझरला (बास-ट्रेबल कमी-जास्त करायच्या सोयीला) हात त्यानंतरच!

चिऱ्याच्या घरातली गुळगुळीत फरशी आवाज परत फेकते. ॲम्प स्टुलावर चढवा, समोर गोधडी अंथरा. रेकॉर्डिंगची लेव्हल मीटरवर उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास पुरे.

रिबन माईक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) गोड, पण नाजूक. फँटम पॉवर (कंडेन्सरसाठी केबलमधून माईकला जाणारी वीज) आधी बंद करा, मगच केबल जोडा. दोन माईक लावून आवाज पातळ झाला तर एकाची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करून ऐका. जो भरीव वाटेल तो ठेवा.